बाळाच्या पायांचा रंग

वालावलीच्या मेस्त्रींच्या शाळेत दोनच माणसं काम करत, बहीण आणि भाऊ. दोघांचा एकमेकांवर जीव होता हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढची हकिकत ऐकून कुणाला ते खरं वाटायचं नाही.

शाळा म्हणजे पाटी-पुस्तकांची नव्हे. आमच्याकडे गणपती जिथं घडतात तिला शाळा म्हणतात आणि मूर्तीला चित्र म्हणतात. पाऊस लागला की घराघरातून लाकडी पाट शाळेत येऊन पडतात. ज्या घरचा पाट, त्याच पाटावर त्या घरचं चित्र बसतं. आजोबानं ज्या शाळेत पाट दिला त्याच शाळेत नातवानं द्यायचा, मग नातू मुंबईत कितीही मोठा साहेब असो. एकवेळ माणूस डॉक्टर बदलेल, वकील बदलेल, शाळा बदलायची म्हटली की घरात दोन तट पडतात.

बहीण किशोरी थोरली. तिचं लग्न झालं नाही. का झालं नाही याची गावात चार उत्तरं मिळतात आणि चारही चुकीची आहेत. भाऊ दीपेश तिच्याहून बराच धाकटा. त्याची बायको दिव्या घर सांभाळी आणि या दोघांच्या मधे पडत नसे, हा तिचा मोठाच शहाणपणा. वडील हरिश्चंद्र मेस्त्री गेले तेव्हा कामाची वाटणी करून गेले नव्हते, पण ती आपसूकच पडलेली होती. माती आणायची, तुडवायची, साच्यात दाबायची, हात-सोंड जोडायची, फटी बुजवायच्या, पहिला रंग चढवायचा, हे सगळं दीपेशचं. शेवटचा हात किशोरीचा.

शेवटचा हात म्हणजे छटा. नुसता रंग दिलेलं चित्र सपाट दिसतं. गालाला गोलाई, पापणीखाली सावली, सोंडेच्या वळीत काळोख, हे आल्याशिवाय त्यात जीव येत नाही. किशोरी ते खडूनं करी. रंगीत खडूची कांडी पॉलिश पेपरवर घासायची, पिठासारखी भुकटी पडते ती बोटाच्या टोकावर घ्यायची आणि चित्राच्या अंगावर फिरवायची. अंग मॅट हवं, चकचकीत अंगावर खडू धरत नाही. बोट कोरडं हवं, घामाचं बोट लागलं की डाग पडतो. आणि श्रावणात वालावलीत ज्याला घाम येत नाही असा माणूस शोधून दाखवा. किशोरी मांडीवर फडकं ठेवून बसे, एकदा बोट फडक्याला, एकदा खडूला, एकदा देवाच्या गालाला.

लोक चित्र न्यायला येत आणि पहिलं विचारत, "किशोरीन हात फिरवल्यान मां?"

दीपेश तिथंच उभा असे. "होय, फिरवल्यान," म्हणे. आख्खा पावसाळा चिखलात त्यानं काढलेला असे आणि नाव व्हायचं बहिणीच्या दोन बोटांचं. ह्याला अन्याय म्हणायचा की नाही ते ज्यानं त्यानं ठरवावं. दीपेशनं काय ठरवलं होतं ते त्यानं बरीच वर्षं कुणाला सांगितलं नाही.

मग त्यानं एअरब्रश आणला. पेनाएवढी बारीक गन, तिला नळी, नळीला कंप्रेसर. रंग पातळ करून गनवरच्या वाटीत ओतायचा, बटण दाबलं की रंगाचं धुकं सुटतं. गाल म्हणता म्हणता गोल होतो. बोटाचा डाग नाही, घामाची कटकट नाही, आणि वीस चित्रं ओळीनं ठेवली तर विसांचे गाल एका मापाचे. तोटे नव्हते असं नाही. आमच्या दमट हवेत नळीत पाणी साचतं आणि धुक्याच्या जागी मधेच पचकन थेंब उडतो. वीज गेली की सगळं थंड, आणि वीज जाणं हे आमच्याकडे सणासारखं, त्याला कारण लागत नाही. पण थेंबावर उपाय असतो, विजेवरही असतो. दीपेशनं ते सगळे उपाय शोधून काढले.

आणि एक दिवस जेवताना तो म्हणाला, "ताई, तू आता वायच आराम कर."

प्रेमानंच म्हणाला. किशोरीनं भात कालवत "बघू" म्हटलं. आराम कर म्हणजे काय हे तिला चांगलं कळत होतं. बिनलग्नाच्या बहिणीला घरात जेवायला मिळतं, साडी मिळते, गोड बोलणंही मिळतं. शाळेतल्या खिडकीजवळची बसायची जागा सोडली तर माझी म्हणावी अशी तिची जागा त्या घरात नव्हती. ती जागा जाणार अशी तिला भीती वाटत होती. साधी, सरळ भीती. ती कुणाला सांगता येत नाही, कारण समोरचा म्हणतो, अगो, आरामच तर कर म्हणतोय.

त्या वर्षीची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, निम्म्या-निम्म्यानं निघाली, थोडी चित्रं गननं, थोडी खडूनं. दिवाळी झाली, भात घरात आलं, आणि एका सकाळी रोनाल्ड फर्नांडिस गाडीत खोके घालून शाळेच्या दारात उभे राहिले.

रोनाल्ड मालवणकडचे, समुद्राकाठच्या वाडीतले. त्यांचा धाकटा भाऊ स्टॅनली हा दीपेशचा शाळेतला दोस्त, कारण दीपेश हायस्कूलला मालवणात मामाकडे राहून शिकला होता. रोनाल्डच्या वाडीत एक लहानसं चॅपल आहे. तिथं नाताळात गव्हाणीचा देखावा मांडतात, गोठा, बाळ येशू, आईबाप, मेंढ्या, धनगर. ती सगळी चित्रं रोनाल्डच्या वडलांनी गोव्याहून आणलेली, प्लास्टरची, आणि आता त्यांचे रंग पार उडालेले. रोनाल्डबरोबर त्यांची बायको जेनिस आली होती. ती शाळामास्तरीण, त्यामुळे खोक्यातली चित्रं तिनं ओळीनं, उंचीप्रमाणे लावली.

"दीपेश, ही बघ," रोनाल्ड म्हणाले. "पप्पान हाडलेली. नाताळाआधी नवी कर."

देव वेगळा, रंग तोच. मेस्त्रींच्या घरात कुणाला त्यात विशेष वाटलं नाही. किशोरीनं बाळाला उचलून घेतलं. वीतभर लांबीचं, उघड्या तळहातावर मावेल असं, डोळे मिटलेलं. चेहऱ्याचा रंग फिकटला होता, पण पायांचा तर नावालाही उरला नव्हता. बोटं झिजून पांढरं प्लास्टर दिसत होतं.

"पाय असे कित्या झाले?" तिनं विचारलं.

"ते दरवर्सा तसेच जातत," रोनाल्ड म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं ते उत्तर पुरं होतं.

किशोरीच्या दृष्टीनंही पुरं झालं. खारी हवा, चॅपल समुद्राला लागून, त्यात माळ्यावर ठेवत असतील, ओल खालून चढणार. तिनं मान हलवली. दीपेश कंप्रेसरची नळी गुंडाळत होता, त्यानं वर बघितलं नाही.

आता खडू की गन, हा प्रश्न निघायचाच होता. दीपेश म्हणाला, "आमी दोघांय एकेक धनगर रंगवताव. तुमी बघा. ज्येचो आवडात, तेच्या हातान सगळी होतली."

"बरा आसा," जेनिस म्हणाली.

"आणि चवथीक पण तसाच," किशोरी म्हणाली.

"तसाच म्हणजे?"

"ह्येंका ज्येचा काम आवडात, फुडल्या चवथीक तोंडां तेच्याच हातची."

ती हे हसत म्हणाली, पण हसण्यासारखं त्यात काही नव्हतं हे दीपेशला कळलं. "ठरला," तो म्हणाला.

आठवड्यानं नवराबायको परत आले. दोन धनगर शाळेच्या पायरीवर उन्हात ठेवले होते. कुणाचा कुठला ते सांगितलं नव्हतं, पण ते काही लपणारं नव्हतं. दीपेशचा धनगर स्वच्छ, गाल गोल, घोंगडीच्या चुण्यांत सावली अशी उतरलेली की कुठं सुरू झाली आणि कुठं संपली ते कळू नये. काम उत्तम होतं, त्यात खोट काढणाऱ्यानं आपले डोळे तपासून घ्यावेत. किशोरीचा धनगर थोडा मळकट. डोळ्यांखाली तिनं गेरूची भुकटी जरा जास्तच जिरवली होती आणि नाकाच्या कडेला बोट थांबल्यासारखं दिसत होतं.

जेनिसनं दोन्ही हातांत घेतले. "ह्यो साफ आसा," ती दीपेशच्या धनगराला म्हणाली. "दुकानातसून हाडल्यासारखो." मग दुसऱ्याकडे वळली. "आणि ह्यो दमलेलो दिसता. रातभर चलान इल्लो."

रोनाल्डना दोन्ही सारखेच दिसत होते, पण बायकोनं एकदा ठरवल्यावर मत देण्याची चूक करणारे ते गृहस्थ नव्हते. "खडूच बरो," ते म्हणाले.

किशोरीला इतका आनंद झाला की ती पाणी आणायच्या निमित्तानं आत गेली आणि माजघरात नुसतीच उभी राहिली. खिडकीजवळची जागा राहिली. बाहेर आली तेव्हा पाणी आणायचं विसरली.

पुढचे दिवस ती गव्हाणीच्या कामात बुडून गेली. मेंढ्या झाल्या, गाढव झालं, जोसेफाच्या दाढीत करडा खडू जिरला, मरियेच्या ओढणीच्या कडेला निळा. बाळ तिनं शेवटी घेतलं. अंगाला नेहमीचे रंग दिले, गणपतीला देतात तेच, पाण्यात कालवायचे. त्यावर खडू. गालांवर पिकल्या रातांब्याच्या लालीचा नुसता भास, पापण्यांखाली जांभळट सावली, ओठांच्या कडेला ओल. पायांवर तर तिनं सगळ्यात जास्त जीव ओतला, कारण तेच सगळ्यात जास्त गेलेले होते. तळव्याला गुलाबी, प्रत्येक बोटाच्या पेरावर गुलाबी, टाचेला थोडा जास्त. लहान मुलांचे पाय तिनं जन्मभर दुसऱ्यांच्या घरी बघितले होते आणि नीट बघितले होते.

काम झाल्यावर दीपेश लॅकरचा डबा घेऊन आला. "वरसून लॅकर मारूया, ताई. पक्को होतलो रंग."

"लॅकर मारलंस की खडू मरता," ती म्हणाली. "मागच्या वर्सा एकावर मारून बघलंय मां? सगळो गाल पुसट झालो."

हे खरं होतं. खडूच्या भुकटीवर लॅकरचा फवारा बसला की ती भिजते, गडद तरी होते नाहीतर दिसेनाशी होते. हात गेला तो गेला.

"मारलो नाय तर निघात."

"कशान निघात? गोठ्यात निजान ऱ्हवतला ता. तेका हात कोण लावतलो?"

हा प्रश्न गणपतीच्या शाळेत जन्म काढलेल्या माणसाचा होता. आमच्याकडे चित्र एकदा पाटावर बसलं, पूजा झाली, की त्याला कुणी बोट लावत नाही. लांबून फूल वाहायचं, लांबून नमस्कार. कुणाचा दीड दिवस, कुणाचे पाच, कुणाचे अकरा, फार झालं तर एकवीस, आणि मग ओढ्याला नाहीतर खाडीला. किशोरीच्या हातचं एकही काम कधी त्यापलीकडे टिकलं नव्हतं, आणि टिकायचंही नव्हतं. तिचे सगळे रंग पाण्यात विरघळायच्या बोलीवरच लावलेले असत. रंग पक्का करणं हा प्रश्नच तिच्यासमोर कधी आला नव्हता.

दीपेश डबा हातात धरून उभा राहिला. काहीतरी बोलणार असं तिला वाटलं. मग त्यानं डबा फळीवर ठेवला. "तुझा काम, तू बघ," म्हणाला आणि गेला. पहिल्यांदाच त्यानं तिचं निमूट ऐकलं याचं तिला बरं वाटलं.

नाताळाच्या सकाळच्या मिसेला, म्हणजे चॅपलातल्या प्रार्थनेला, जेनिसनं तिला आग्रहानं बोलावलं होतं. दीपेशलाही बोलावलं होतं, पण त्यानं काम काढलं. किशोरी नवी इरकली साडी नेसून बसनं गेली, कुडाळला उतरून दुसरी बस. चॅपल लहान, पांढरं, दारात माडाच्या झावळ्यांचं तोरण. वेदीच्या एका अंगाला गोठा मांडलेला. खऱ्या पेंढ्यावर तिची चित्रं बसली होती, आणि रंगवताना दिसली नव्हती इतकी ती इथं बरी दिसत होती. मागच्या बाकावर ती बसली. प्रार्थना तिला निम्मी कळत होती, गाणी आवडत होती. पुढून दोघी-तिघींनी वळून तिच्याकडे बघितलं आणि ओळखीचं हसल्या. जेनिसनं सगळ्यांना सांगितलेलं दिसत होतं. चार वाटा पलीकडच्या गावात, दुसऱ्यांच्या देवळात आपलं नाव माहीत आहे, याचा तिला अभिमान वाटला. वाटू नये असं काही त्यात नाही.

मिस संपली. लोक उठून निघतील म्हणून ती पदर सावरू लागली, पण लोक दाराकडे न जाता मधल्या वाटेत रांगेनं उभे राहिले. फादरनी गोठ्यातून बाळ उचललं, दोन्ही हातांवर घेतलं आणि पायरीवर येऊन थांबले. शेजारी पांढऱ्या झग्यातली एक मुलगी घडी केलेलं पांढरं फडकं घेऊन उभी राहिली.

पहिल्या होत्या रोनाल्डच्या आई, कार्मीनबाई. काठी टेकत आल्या, वाकल्या, आणि बाळाच्या पायांवर ओठ टेकवले. मुलीनं फडक्यानं पाय पुसले. मागचा माणूस पुढं आला, वाकला, ओठ टेकवले. मुलीनं पुसले.

किशोरी बघत राहिली. तिला आधी काही कळलंच नाही. मग फडक्यावर गुलाबी डाग दिसला, आणि तिच्या मनात पहिला विचार आला तो असा की कुणाच्या तरी ओठातून रक्त येतंय. दुसरा विचार यायला वेळ लागला नाही. कार्मीनबाई परत येत होत्या, त्यांच्या सुकलेल्या ओठांवर फिकट गुलाबी होतं. त्यांच्यामागून रोनाल्ड येत होते, त्यांच्या पांढऱ्या मिशीची कडाही गुलाबी. बाया, बाप्ये, पोरं, एकेक जण वाकत होता, सरळ होत होता, आणि तिचा रंग ओठांवर घेऊन बाकावर जाऊन बसत होता. मुलीनं फडक्याची घडी उलटली. दुसरी बाजूही गुलाबी झाली. पुढं पुढं तर गुलाबीच्या जागी मातकट पांढरं येऊ लागलं, म्हणजे खडू संपून खालचा रंगही सुटला होता.

आता दरवर्सा तसेच जातत म्हणजे काय ते तिला कळलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं म्हणतात, तसं तिला वाटलं. पण जमिनीला कामं असतात.

"ये गो, तू पण ये," जेनिस तिच्या बाकाशी येऊन म्हणाली. नाही म्हणायचं कसं? किशोरी रांगेच्या शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा फादर हसले. बाळाचा चेहरा जसा रंगवला होता तसाच होता, गाल, पापण्या, सगळं जागच्या जागी. पाय पांढरे. ती वाकली आणि ओठ टेकवले. ओठांना लागलेल्या रंगाची चव तिच्या ओळखीची होती. मान वर करून ती दाराबाहेर गेली आणि थेट विहिरीपाशी जाऊन उभी राहिली.

जेनिस मागोमाग आली. तिच्याही ओठांवर होतं.

"चूक झाली माझी," किशोरी म्हणाली. "माका खबर नाय होता. तुमी पाय..." डोळे भरून आले.

जेनिसनं बोट ओठांवरून फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि हसू दाबलं. "चूक आमची. सांगूक होया होता. पण सांगतलो कोण? आमका वाटला, ह्या सगळ्यांका खबर आसता."

"सगळो रंग गेलो."

"पायांचो गेलो. तोंडाक कोण उमो देता? माझ्या सासूमायन काय म्हटल्यान म्हायत आसा? इतक्या वर्सांत पयल्यांदा बाळ झोपल्यासारखा दिसता म्हणता." तिनं किशोरीचा हात धरला. "रोनाल्ड घेवन येतलो. पाय तेवढे पक्के करून दी. तोंड आसा तसाच ऱ्हवांदे."

मग तिनं तिला घरी नेऊन नेवऱ्या आणि दोदोल असा नाताळाचा फराळ बांधून दिला, आणि बसपर्यंत सोडायला आली. कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. त्यानं किशोरीला जास्तच लाज वाटली.

बसमध्ये खिडकीशी बसून तिनं विचार केला. गणपतीच्या पायांना कुणी ओठ लावत नाही, तेव्हा चवथीच्या पैजेला हे लागू होत नाही, अशी वकिली तिच्या मनानं करून बघितली. वकिली वाईट नव्हती. पण पैज लागली होती ती कामावर, आणि काम लोकांच्या ओठांवर निघून आलं होतं. दीपेश लॅकर मार म्हणत होता. त्याचं बरोबर होतं. आणि नुसतं आजच बरोबर होतं असं नाही, पावसाळाभर चिखलात पाय घालून तो उभा असतो तेव्हाही त्याचं काहीतरी बरोबर असेलच, आपण कधी विचारलं नाही. नेरूरपारचा थांबा मागं पडेपर्यंत तिचं ठरलं. घरी जायचं, त्याला सांगायचं, तू जिंकलास, पुढच्या चवथीला तोंडं तुझी. खिडकीजवळची जागा गेली तर गेली. वाईट वाटलं, पण त्याच्याखाली कुठंतरी हलकंही वाटलं. खरं बोलायला निघालेल्या माणसाला वाटतं तसं.

घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. दीपेश पडवीत बसून गनची सुई साफ करत होता. दिव्यानं तिच्या हातातली पिशवी घेतली, वास घेतला आणि आत नेली. किशोरी पायरीवर बसली. सुरुवात कशी करावी ते ती मनात जुळवत होती.

दीपेशनं सुई उजेडाकडे धरली. "फडक्याक रंग लागलो?" त्यानं विचारलं.

किशोरीनं त्याच्याकडे बघितलं. फडक्याचं नाव तिनं काढलं नव्हतं. कुठल्या गोष्टीचं नाव अजून तिनं काढलं नव्हतं.

"तुका खबर होता," ती म्हणाली.

दीपेशनं सुई खाली ठेवली. लपवायचं असतं तर त्यानं विचारलंच नसतं. "स्टॅनलीवांगडा तेंच्या चॅपलात जाय होतंय मी," तो म्हणाला. "शाळेत असताना. नाताळाक."

"मगे सांगलंस नाय?"

"सांगलंय मां, लॅकर मार म्हणान."

"पायांक ओठ लावतत म्हणान सांगलंस नाय."

"नाय सांगलंय."

"कित्या?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट. "माका वाटला, एकदा तुझ्या हातचा कायतरी चार लोकांसमोर बिघडांदे."

"इतक्यासाठी?"

"इतक्यासाठीच."

आतून दिव्यानं भांडं ठेवल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. आराम कर म्हणाला होता तेव्हा ती त्याच्या प्रेमाला घाबरली होती. प्रेम होतंच, अजूनही होतं, त्याच्या तोंडाकडे बघून कुणालाही कळलं असतं. त्याच्या शेजारी हेही इतकी वर्षं बसून होतं, आणि ते तिला कधी दिसलं नव्हतं. माणसांच्या तोंडावरची सावली ओळखण्यात जन्म गेला होता तिचा. सख्ख्या भावाची तिला दिसली नाही.

"बसमध्ये ठरवन इलंय मी," ती म्हणाली. "तुका सांगूचा की तू जिंकलंस. फुडल्या चवथीक सगळी तोंडां तुझी. तसा सांगूकच पायरेर बसलंय."

दीपेशच्या चेहऱ्यावर काय आलं ते वर्णन करण्यात अर्थ नाही. पावसाळ्यामागून पावसाळे ज्या गोष्टीची वाट बघितली ती दारात आलेली ऐकून माणसाचं तोंड जसं होईल, तसं झालं.

"मगे सांग," तो म्हणाला.

"आता सांगुचंय नाय."

ती उठली. उभ्या उभ्याच तिनं कामाचं तेवढं सांगून टाकलं. रोनाल्ड बाळाला घेऊन येतील, पाय तू कर, गननं कर, लॅकरही मार, लोक ओठ लावतात. तोंडाला हात लावायचा नाही. तिच्या आवाजात काही नव्हतं, शेजारणीला निरोप द्यावा तसं ती बोलली.

"ताई," दीपेश म्हणाला. "सांग मां गो." ह्या खेपेला हळू, लहानपणी खाऊ मागायचा त्या आवाजात.

जिंकला तर तो होताच. ते त्याला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि दिव्यालाही आतून सगळं ऐकू गेलेलं होतं. पण ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं त्याला, बाकी कुणाच्या नाही, आणि ते आता त्याला मिळणार नव्हतं. किशोरीनं तोंड धुतलं, साडी बदलली आणि शाळेत जाऊन खिडकीजवळ बसली. डिसेंबरात शाळेत रंगवायला काही नसतं. ती तशीच बसून राहिली. तो दारापर्यंत आला, चौकटीला धरून उभा राहिला आणि परत गेला.